पूरकाळात आणि दुर्गम कामाच्या जागी फिरते खासगी मोबाइल नेटवर्क : आपल्याकडे कितपत शक्य आहे?

प्रश्न : कृष्णाकाठ_पलूस

नमस्कार. मी पलूस तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात राहतो आणि गावच्या आपत्ती व्यवस्थापन समितीचे काम पाहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचली. तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे हे आमच्याकडची शाळकरी मुलेही सांगतात, त्यामुळे कोयनेतून विसर्ग वाढला की पाणी कुठवर येईल याचा अंदाज गावाला बऱ्यापैकी बांधता येतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पाणी गावठाणात शिरले की सुरक्षिततेसाठी वीज बंद केली जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, जनरेटरसाठी डिझेल घेऊन निघालेली गाडी पाण्यामुळे वाटेतच अडकते आणि एकेका कंपनीची रेंज जात जात शेवटी सगळ्यांचेच फोन मुके होतात.

२०१९ मध्ये आमच्या गावातील बोट आणि शाळेतील निवारा केंद्र यांच्यात निरोप चिठ्ठीने जात असे. ‘वरच्या मळ्यात तीन म्हातारी माणसे, एक बाळंतीण, औषध संपले’ असे लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी बोट परत येईपर्यंत कोणाच्याही हाती पडत नव्हती, आणि दुसरी बोट तोवर भलत्याच वस्तीकडे निघून गेलेली असे. हे पुन्हा होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पेटीत मावणारे, बॅटरीवर चालणारे आणि कोठेही उभारता येणारे खासगी ४जी किंवा ५जी नेटवर्क मिळते असे माझ्या वाचनात आले आहे. नदीकाठच्या पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून असा संच विकत किंवा भाड्याने घेतला, तर गावकऱ्यांच्या हातातील फोन आहे त्याच सिमवर त्यावर चालतील का? त्यासाठी परवानगी कोणाकडून घ्यावी लागते? आणि बाहेरचे इंटरनेट बंद असेल, तर अशा नेटवर्कचा उपयोग काय? माझा चुलत भाऊ पाटण तालुक्यात बोगद्याच्या कामावर आहे. तेथेही रेंज नसते, म्हणून तात्पुरत्या कामाच्या जागेचा अनुभव असलेल्यांनीही कृपया लिहावे.

उत्तर : दूरसंचार_कराड

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्यातील पहिल्याच मुद्द्यावर पुष्कळांचा गैरसमज असतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. गावकऱ्यांचे फोन त्यांच्या सध्याच्या सिमवर अशा खासगी नेटवर्कला जोडले जाणार नाहीत. प्रत्येक सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोड फक्त त्या सिमच्या कंपनीकडे असते. फोन नेटवर्कला भेटला की दोन्ही बाजू या किल्लीच्या आधारे एकमेकांची ओळख पटवतात. आपल्या पेटीतील संगणकाकडे ती किल्ली नसल्यामुळे फोनला सिग्नल दिसला तरी त्याला आत प्रवेश मिळत नाही. आपण स्वतः तयार केलेली सिमकार्डे ज्या फोनमध्ये घातली असतील, तेवढेच फोन या नेटवर्कवर चालतात. त्यामुळे संपूर्ण गावाची सोय म्हणून याकडे पाहू नये. बोटीवरील पथक, निवारा केंद्र, आरोग्य सेविका, तलाठी, पोलीस पाटील आणि समितीचे सदस्य अशा वीस-पंचवीस जणांना आपापसांत बोलता यावे, फोटो आणि ठिकाण पाठवता यावे, यासाठीचे हे साधन आहे. तेवढ्यापुरते ते उत्तम आहे.

पेटीत साधारण तीन गोष्टी असतात. पहिला भाग अँटेनासह रेडिओ, म्हणजे लहानसा टॉवरच. दुसरा भाग ‘कोअर’. मोठ्या कंपनीकडे ज्यासाठी स्वतंत्र इमारत लागते ते सिमची ओळख पटवण्याचे, फोनला पत्ता देण्याचे आणि डेटा इकडून तिकडे पोहोचवण्याचे काम आता एका छोट्या संगणकावर चालते. तिसरा भाग वीजपुरवठा. कोअर पेटीतच असल्यामुळे बाहेरचे इंटरनेट पूर्ण तुटले तरी आतील फोन एकमेकांशी बोलू शकतात, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मात्र खरेदीपूर्वी विक्रेत्याला एक गोष्ट अवश्य विचारावी. साध्या डायलरवरून फोन लावायचा असेल तर कोअरसोबत आयएमएस नावाची वेगळी प्रणाली लागते, आणि पुष्कळ लहान संचांत ती नसते. अशा वेळी बोलणे ॲपमधूनच करावे लागते आणि त्या ॲपचा सर्व्हरही पेटीतच असावा लागतो. सर्व्हर इंटरनेटवर दूर कोठेतरी असेल, तर पुराच्या दिवशी सिग्नलच्या पूर्ण दांड्या दिसत असूनही कोणाचा कोणाशी संपर्क होणार नाही.

आता परवानगी. मोबाइलच्या लहरी परवान्याशिवाय वापरता येत नाहीत, हेतू कितीही चांगला असला तरी. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय नेटवर्क उभारण्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंटरनेटवर मोफत मिळणारी ओपन५जीएस किंवा एसआरएसरॅन यांसारखी सॉफ्टवेअर घेऊन आपल्याकडील अभियांत्रिकीचे विद्यार्थी असे नेटवर्क प्रयोगशाळेत उभे करतात, आणि ते शिकण्यासाठी फार चांगले आहे. पण तो प्रयोग केबलने जोडून किंवा लहरी बाहेर न जाऊ देणाऱ्या पेटीतच करायचा असतो. छतावर अँटेना लावला की तो गुन्हा ठरतो आणि शेजारच्या खऱ्या टॉवरलाही त्रास होतो.

कायदेशीर मार्ग आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी बंदिस्त नेटवर्कसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार परवानाधारक मोबाइल कंपनीकडून आपल्या जागेत वेगळे नेटवर्क उभारून घेता येते, कंपनीच्याच नेटवर्कचा एक भाग आपल्यासाठी राखून घेता येतो, किंवा स्वतः परवाना घेऊन कंपनीकडून लहरी भाड्याने घेता येतात. थेट सरकारकडून लहरी मिळवण्याचा पर्यायही त्यात लिहिलेला आहे, पण तो मोठ्या उद्योगांसाठी आहे. ग्रामपंचायतीने त्या वाटेला जाऊ नये. शिवाय स्वतःच्या परवान्यावर चालणारे असे बंदिस्त नेटवर्क सार्वजनिक फोन नेटवर्कला जोडता येत नाही, म्हणजे त्यावरून मुंबईतील मुलाला फोन लावता येणार नाही. माझ्या मते आपल्यासाठी व्यवहार्य मार्ग एकच दिसतो : जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत एखाद्या मोबाइल कंपनीशी मे महिन्यापूर्वी लेखी व्यवस्था करून घ्यावी, आणि लहरींची जबाबदारी त्या कंपनीचीच राहील असे पाहावे.

गावकऱ्यांच्या फोनसाठी वेगळा उपाय आहे, त्याला इंट्रा-सर्कल रोमिंग म्हणतात. आपत्तीच्या वेळी सरकारच्या निर्देशाने ही सोय सुरू झाली की एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या चालू टॉवरवर बोलू शकतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातमध्ये ती सुरू करण्यात आली होती. गावात चारपैकी एक टॉवर जरी जिवंत राहिला, तरी सगळ्या गावाचे काम भागते. म्हणून माझा आग्रह असा राहील की पाच-सहा गावांनी आधी त्या एका टॉवरच्या जनरेटरचा चौथरा उंच करून घेण्यासाठी आणि डिझेलचा साठा पाणी येण्यापूर्वीच पोहोचवण्यासाठी पाठपुरावा करावा. पेटी त्यानंतर.

उत्तर : बोगदा_पाटण

मी कोयना खोऱ्यातील एका बोगद्याच्या कामावर सुरक्षा विभागात आहे. पुरासाठीच्या आपत्कालीन नेटवर्कची आणि कामाच्या जागेची गरज वरवर सारखी दिसली तरी त्यांत मोठा फरक आहे. पुरात नेटवर्क चार-आठ दिवस लागते आणि ते अचानक लागते. आमच्याकडे ते दोन-तीन वर्षे लागते, त्याची तयारी करायला वेळ मिळतो, पण जागा रोज बदलत असते. फेस, म्हणजे खोदाईचे टोक, रोज काही मीटर पुढे सरकते आणि बोगद्याने थोडे वळण घेतले की मुखाजवळ लावलेल्या अँटेनाचा सिग्नल खडकातच संपतो. त्यामुळे एक तर भिंतीच्या कडेने लिकी फीडर केबल टाकावी लागते, जिच्या आवरणातील फटींतून लहरी सर्व लांबीभर बाहेर येतात, किंवा फायबर पुढे नेत ठरावीक अंतरावर छोटे रेडिओ बसवावे लागतात. ज्या पद्धतीत एकाच लहरीवर पाळीपाळीने पाठवणे आणि घेणे चालते, तिच्यात सगळ्या रेडिओंची घड्याळे अगदी काटेकोर जुळलेली लागतात. उघड्यावर ही वेळ जीपीएसवरून मिळते, पण बोगद्यात आकाशच नसल्यामुळे ती फायबरमधून आत न्यावी लागते. उघड्या जागेसाठी घेतलेला संच तसाच आत नेला, तर येथेच अडतो.

दुसरी बाब जिवाशी निगडित आहे, आणि खडक फोडण्याच्या कामावरील प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. विजेवर उडणारे डेटोनेटर वापरात असतील, तर त्यांच्या तारा अँटेनासारख्या वागू शकतात आणि जवळच्या ट्रान्समीटरची ऊर्जा ओढून घेऊ शकतात. म्हणून सुरुंग भरण्याच्या वेळी रेडिओ, वॉकीटॉकी आणि मोबाइल यांच्यासाठी सुरक्षित अंतर ठरवलेले असते, आणि फेसजवळचा रेडिओ कोणी, केव्हा बंद करायचा हे ब्लास्टिंगच्या नोंदवहीत लिहावे लागते. नवीन नेटवर्क बसवणाऱ्या ठेकेदाराला ही माहिती असेलच असे धरू नये. ब्लास्टर आणि नेटवर्कवाला यांना एकत्र बसवून बोलणे करून घ्यावे.

इतके करूनही तारेचा फोन काढून टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडमधील सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. त्यांच्याशी बोलणे ढिगाऱ्यातून आरपार घातलेल्या पाइपच्या आधारे झाले, आणि पुढे बीएसएनएलने त्यांच्यासाठी छोटे एक्सचेंज उभारून तारेच्या साध्या फोनची सोय केली. दरड कोसळली की लहरी अडतात, पण पाइपमधून तार आत सरकवता येते.

मग खासगी नेटवर्कचा फायदा कशात आहे, तर तो रोजच्या कामात. कोण आत आहे आणि कोण बाहेर आले हे टॅगवरून कळते, वायूमापकाचे आकडे बाहेर बसून दिसतात, पंप बंद पडला तर लगेच समजते, आणि फोनवरील एक बटण दाबून सबंध पाळीशी एकदम बोलता येते. काम संपले की सामान खोलून पुढच्या जागेवर नेता येते. मात्र जागा बदलली की परवानगीतील पत्ताही बदलून घ्यावा लागतो, हे ठेकेदार हमखास विसरतात.

पाटण तालुक्याबद्दल एक सांगावेसे वाटते. २२ जुलै २०२१ च्या रात्री आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. रस्ते चिखलाने बुजलेले होते आणि मदत पथकांना बराचसा भाग पायी कापावा लागला. अशा ठिकाणी गाडीवरचा फिरता टॉवर पोहोचतच नाही. दोन माणसांनी पाठीवर घेऊन चढता येईल एवढ्या वजनाचा संच असेल तरच तो पाटण, जावळीच्या डोंगरात कामाचा. विक्रेते पेटीचे वजन सांगतात. बॅटरी, खांब आणि केबल यांचे वजन आपण विचारून घ्यावे.

पुन्हा : कृष्णाकाठ_पलूस

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. इंट्रा-सर्कल रोमिंगचा मुद्दा मी समितीच्या पुढील बैठकीत मांडतो, आणि टॉवरच्या चौथऱ्याबद्दलचा अर्ज तर याच आठवड्यात तयार करतो. तरीही बोटींशी संपर्क हा माझ्यापुढचा प्रश्न राहतोच. खासगी नेटवर्कची व्यवस्था व्हायला एखादे वर्ष लागले, तर येत्या पावसाळ्यात आम्ही काय करावे? आणि पुढे संच मिळाला, तर तो कोठे उभारावा आणि किती वेळ चालेल? आमच्याकडे शाळेची दुमजली इमारत, मारुतीचे देऊळ आणि पाण्याची उंच टाकी एवढ्याच उंच जागा आहेत.

उत्तर : हॅम_मिरज

दादा, येत्या पावसाळ्यासाठी माझे उत्तर सरळ आहे : आवाजासाठी साधा रेडिओ. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी, आहे आणि पूरकाळात नियंत्रण कक्षाला मदत करणाऱ्या गटात काम करते. आम्ही प्रामुख्याने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतो. दंडोबाच्या डोंगरासारख्या उंच जागेवर एक रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुन्हा जोरात पुढे पाठवणारा संच, चालू असला, की हातातील छोट्या संचावरूनही मिरज-सांगलीच्या सपाटीवर लांबवर बोलता येते, आणि त्यासाठी ना टॉवर लागतो ना सिम. आपल्या गावातील दोघा-तिघांनी हॅमची परीक्षा द्यावी. दूरसंचार विभागाची परीक्षा आहे. दहावी-बारावीच्या विज्ञानाची थोडी उजळणी आणि नियमांचा अभ्यास एवढ्यावर ती देता येते. मात्र हॅमच्या लहरी फक्त परवानाधारकालाच वापरता येतात, त्यामुळे बोटीवरील प्रत्येकाच्या हाती हा संच देता येणार नाही.

बोटीवरील मुलांसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या वॉकीटॉकी घ्याव्यात. या पट्ट्याला परवाना लागत नाही. त्यांची रेंज मर्यादित असते, पण उघड्या पाण्यावर बोट आणि टाकीवर बसलेला माणूस एवढे अंतर पुष्कळदा साधते. खरेदी करताना पट्टा तपासून घ्यावा, कारण बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत परवाना लागणारे संचही सर्रास विकले जातात. बोलण्याची शिस्त मात्र आधी लावावी लागते. बोटीला क्रमांक द्यावा, ‘कोण, कोठे, किती माणसे, काय हवे’ याच क्रमाने सांगावे, आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवावे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे बोट उलटली, ते दुःख आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. कोणत्या बोटीत किती माणसे बसली आहेत हे काठावरच्या माणसाला त्या त्या क्षणी माहीत असलेच पाहिजे, आणि त्यासाठी ५जीची वाट पाहण्याची गरज नाही.

निवारा केंद्रातील यादी, औषधांची मागणी, फोटो यांसाठी आणखी एक स्वस्त मार्ग आहे. ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात शाळेच्या छतावरून पाण्याबाहेर असलेल्या शेजारच्या गावाकडे समोरासमोर वायफायची जोडणी करता येते. मध्ये अडथळा नसेल तर काही किलोमीटर सहज जाते. मात्र नेम उन्हाळ्यात धरून ठेवला आणि ऑगस्टमध्ये मध्ये आडसाली ऊस उभा राहिला, तर ओली पाने सिग्नल खाऊन टाकतात. अँटेना उसाच्या शेंड्यांपेक्षा चांगलाच वर ठेवावा आणि चाचणी पावसात घ्यावी.

उत्तर : दूरसंचार_कराड

ताईंनी सांगितलेल्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. खासगी नेटवर्क वर्षभरानंतर आले, तरी वॉकीटॉकी आणि हॅम चालूच ठेवावेत.

जागेबद्दल : तिन्हींपैकी पाण्याची टाकी मला सर्वांत योग्य वाटते, कारण अँटेना जितका उंच तितका ऊस, झाडे आणि छपरे यांचा अडथळा कमी. परंतु पेटी आणि बॅटरी टाकीवर चढवू नयेत. वर फक्त अँटेना आणि रेडिओ ठेवावेत. बाकी सर्व शाळेच्या वरच्या मजल्यावर, २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या पुष्कळ वर. टाकीला तडितरक्षक आहे का आणि त्याची अर्थिंग पट्टी जागेवर आहे का, हे पाहून घ्यावे. कित्येक ठिकाणी तांब्याची पट्टी चोरीला गेलेली असते. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते.

वेळेचा हिशेब असा. रेडिओ, कोअर आणि राउटर मिळून १५० वॅट धरू. घरोघरी इन्व्हर्टरला असते ती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. पण शिशाची बॅटरी पूर्ण उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून निम्मेच धरावे. ९०० भागिले १५०, म्हणजे सहा तास. पूर्ण दिवसासाठी अशा चार बॅटऱ्या लागतील आणि एकेकीचे वजन पन्नास किलोच्या वर असते, म्हणून त्या पावसाळ्यापूर्वीच वरच्या मजल्यावर चढवून ठेवाव्यात. सौर पॅनेल असावे, पण पुराच्या ढगाळ दिवसांत त्याच्यावर विसंबू नये. छोटा पेट्रोल जनरेटर आणि झाकणबंद कॅनमधील इंधन हाच खरा आधार. ॲपवर व्हिडिओ बंद ठेवावा, म्हणजे फोनच्या बॅटऱ्याही टिकतील.

सिमकार्डांची नोंदवही ग्रामपंचायतीत नको, निवारा केंद्रात ठेवावी. कोणते सिम कोणत्या फोनमध्ये घातले आणि तो फोन कोणाकडे आहे, हे त्यात लिहावे. फोन कोणते घ्यायचे हेही आधीच ठरवावे, कारण कंपनी ज्या लहरी देईल त्या पट्ट्यावर काही स्वस्त फोन चालत नाहीत. दोन सिमचा फोन असेल तर एक सिम नेहमीचे आणि दुसरे या नेटवर्कचे ठेवता येते. जिल्हा प्राधिकरणाला लिहायच्या पत्रात गावांची नावे, टाकीचे अक्षांश-रेखांश, अपेक्षित फोनसंख्या आणि जून ते सप्टेंबर हा कालावधी एवढे स्पष्ट द्यावे, आणि पावसाळ्यापूर्वी एक पूर्ण दिवसाची रंगीत तालीम कंपनीच्या माणसाच्या उपस्थितीत घेण्याची मागणी त्याच पत्रात करावी. मसुदा येथे टाकलात, तर तांत्रिक भाग मी तपासून देईन.